डेबियन 12 आठ महिने वापरून: डिस्कवरून बूटच होईना, त्याची गोष्ट

आठ महिने झाले, रोजचं सगळं काम डेबियन 12 ह्या लिनक्सवरच चालू आहे आणि एकदाही आपणहून हँग झालेलं नाही. वायफायची मला धास्ती होती पण 12 पासून इन्स्टॉलरमध्येच नॉन-फ्री फर्मवेअर (वायफायसारख्या भागांना लागणारं, ओपन सोर्स नसलेलं सॉफ्टवेअर) येतं, त्यामुळे तिथे काही करावंच लागलं नाही. पण पहिले चार दिवस जे झालं ते सांगतो, कारण त्यातच सगळे अडकतात.

इन्स्टॉल अगदी व्यवस्थित झालं, एकही एरर नाही. पेन ड्राइव्ह काढला, रीस्टार्ट केलं, तर काळी स्क्रीन आणि ‘नो बूटेबल डिव्हाइस’. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून परत इन्स्टॉल केलं. परत तेच. मग एफएसटॅबमधले (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचे ओळख क्रमांक, जुळवत बसलो, अख्खी संध्याकाळ गेली आणि त्याचा काही संबंधच नव्हता, कारण एफएसटॅबपर्यंत गाडी पोचायला आधी ग्रब, म्हणजे लिनक्स चालू करणारा प्रोग्रॅम, तरी सुरू व्हायला हवा ना!

शेवटी लाइव्ह पेन ड्राइव्हने (इन्स्टॉल न करता थेट त्यावरूनच चालणारं लिनक्स) चालू करून आधी सिस-फर्मवेअरखाली ईएफआय फोल्डर आहे का ते बघितलं. होतं, म्हणजे यूईएफआय मोडमध्येच, बूट करायच्या नव्या पद्धतीत, होतो (ते नसेल तर तुम्ही लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या, मोडमध्ये आहात, तिथेच थांबा, पेन ड्राइव्ह यूईएफआयमधून परत बूट करा). मग ईएफआयबूटएमजीआर (बूट नोंदींची यादी दाखवणारी आणि बदलणारी कमांड) चालवलं तर यादीत डेबियनची नोंदच नाही. हाताने घातली, दिसली, रीस्टार्ट केलं, गायब. मशीनचं स्वतःचं फर्मवेअर (चालू करताच सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) ती नोंद लक्षातच ठेवत नव्हतं. लिनक्स डिस्कवर नीट बसलेलं होतं, त्याला हाक मारणारं कोणी नव्हतं एवढंच.

अशा फर्मवेअरला एकच पत्ता पाठ असतो: ईएफआय पार्टिशनवर ईएफआय, त्यात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स64 नावाची फाइल. मी शहाणपणा करून डेबियनच्या फोल्डरमधली शिमएक्स64 (शिम म्हणजे ग्रबच्या आधी चालून त्याला सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) तेवढी उचलून त्या नावाने कॉपी केली. आता काळ्या स्क्रीनऐवजी ‘ग्रबएक्स64 नॉट फाउंड’ असं आलं आणि खरं सांगतो, त्या एररचाही आनंद झाला, म्हणजे शिम तरी चालू झाला! तो ग्रबला स्वतःच्याच फोल्डरमध्ये शोधतो, म्हणून ती पण फाइल शेजारी टाकली आणि मेनू आला.

पण हाताने केलेली कॉपी पुढच्या अपडेटला जुनीच राहते. म्हणून डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी64 ही कमांड (ग्रबची सेटिंग परत विचारणारी) चालवा, ती मध्ये विचारते की रिमूव्हेबल मीडियाच्या पाथवर, म्हणजे वरच्या बूटएक्स64 च्या जागी, पण ग्रब टाकू का, तिथे ‘येस’ म्हणा, मग प्रत्येक अपडेटला ती कॉपी आपोआप बदलते. आणि गंमत म्हणजे हाच पर्याय इन्स्टॉलरच्या रेस्क्यू मोडमध्ये तयार मिळतो, मेनूतून निवडायचा की झालं, मला हे सगळं उरकल्यावर दिसलं. डोकं धरून बसलो.

पाचव्या महिन्यात फर्मवेअर अपडेट केलं, त्याने उरल्यासुरल्या बूट नोंदी पण पुसल्या, तरी मशीन सरळ डेबियनमध्ये गेलं. मला तर दोन दिवसांनी सहज यादी बघितली तेव्हा कळलं. आजही तिथे डेबियनची नोंद नाही आणि ती परत घालायच्या फंदात मी पडलेलो नाही.