घरी बांधलेल्या कॅम्परमधली वीज आणि गॅस: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कॅम्परमधली, म्हणजे राहण्याजोग्या केलेल्या गाडीतली, सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे बॅटरी, आणि तिच्याबद्दलच मला सगळ्यात कमी लिहायचं आहे. ती आपलं काम चोख करते. शेगडीही करते, पॅनेलही करतं. इतके महिने गाडी वापरल्यावर परीक्षा होते ती जोडांची: वायरीच्या टोकाचे लग (धातूच्या कड्या), बसबारचे, म्हणजे वायरी एकत्र आणणाऱ्या धातूच्या पट्टीचे नट, गॅसच्या नळीवरच्या पितळी रिंगा. घर एका जागी उभं असतं, गाडी रोज हादरत असते. त्यामुळे ज्या जोडापर्यंत हात पोहोचत नाही, तो जोड गाडीत असूच नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

आधी मूळ प्रश्न. सगळंच विजेवर का नको? १२.८ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. तिच्यात १,२८० वॅट-तास, म्हणजे सव्वा युनिटच्या थोडी वर वीज मावते. एक किलो प्रोपेन जाळला तर जवळपास १२.८ युनिट उष्णता मिळते. अशा दहा बॅटऱ्यांचा ऐवज एका किलोत. शेगडीवर त्यातली बरीच उष्णता भांड्याच्या बाजूने निसटते हे खरं, तरी हा हिशेब मांडला की वाटणी आपोआप ठरते. आमच्याकडे स्वयंपाक आणि पाणी तापवणं गॅसवर. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फोन आणि कॉम्प्रेसरचा फ्रिज बॅटरीवर. १,००० वॅटची इंडक्शन शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची तर इन्व्हर्टरचं नुकसान धरून ९० अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचला जातो. त्यासाठी लागणारी जाड केबल आणि तिचे जोड नुसते डोळ्यांसमोर आणले तरी गॅस बरा वाटतो.

आता वायर. १२ व्होल्टच्या कामात सगळ्यात जास्त दगा देते ती बारीक वायर. आमचा फ्रिज बॅटरीपासून ६ मीटरवर आहे, म्हणजे जायची-यायची मिळून १२ मीटर तांबं. अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीत ५ अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका त्यावर आणखी. मग फ्रिजला वाटतं बॅटरी उतरली आणि तो स्वतःला बंद करून घेतो. बॅटरी मात्र निम्म्याहून जास्त भरलेली असते. आम्ही ६ स्क्वेअरची वायर ओढली, तूट ०.१७ व्होल्टवर आली. ऐन उन्हाळ्यातही फ्रिज कधी रुसला नाही.

फ्रिजच्या सोबत आलेला फ्यूज होल्डर मात्र काढून टाकावा लागला. हात लावला तर कोमट लागायचा. उघडून पाहिलं तर पात्याशेजारचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं. ५ अँपिअरला होल्डर तापणं म्हणजे आतली पकड सैल असणं. त्या जागी चांगल्या पकडीचा होल्डर नीट क्रिम्प करून, म्हणजे जोड वायरीवर दाबून, बसवला. आता तासन्‌तास फ्रिज चालला तरी गार असतो. म्हणून माझा आग्रह: नवी जोडणी झाली की पूर्ण लोड देऊन अर्ध्या तासाने प्रत्येक जोडाला बोट लावून बघा. मीटर जे सांगत नाही ते बोट सांगतं.

फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नव्हे. त्यामुळे त्याची जागा बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ, जमेल तितकी जवळ. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर वाहू शकतात आणि साधा फ्यूज वितळूनही आतली ठिणगी विझत नाही. मुख्य फ्यूज क्लास टी, म्हणजे एवढा मोठा प्रवाहही तोडू शकणारा, घेतला तो त्यासाठी. लग डाखले (सोल्डर केले) नाहीत, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबले. डाख जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर मार्करने एक रेघ मारली आहे, अर्धी नटावर, अर्धी पट्टीवर. खडबडीत रस्त्याच्या लांब प्रवासानंतर रेघा बघायच्या. एखादी तुटक दिसली की पाना लावायचा. बसबारवरच्या एका नटाची रेघ अशी सरकलेली सापडली होती. स्प्रिंग वॉशर टाकल्यापासून ती जागची हललेली नाही.

शंट, म्हणजे बॅटरीत किती वीज गेली-आली हे मोजणारं साधन, जरूर बसवा. लिथियमचा व्होल्टेज भरलेली असताना आणि अर्धी उतरलेली असताना जवळपास सारखाच दिसतो, त्यामुळे नुसता व्होल्टमीटर काही कामाचा नाही. अल्टरनेटरवरून (गाडीच्या इंजिनवर फिरणाऱ्या जनरेटरवरून) चार्जिंग करायचं तर मध्ये प्रवाहाला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि गाडी जागेवर सुरू असताना अल्टरनेटर तापतो. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते, म्हणून ती गाडीच्या आतल्या बाजूला ठेवली. पॅनेलवर छताच्या पंख्याची सावली पडणार नाही एवढं पाहिलं, बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गॅसचं काम मी नळी वाकवणं आणि क्लिपा मारणं इथपर्यंतच केलं. जोडणी आणि दाबाची चाचणी त्यातल्या परवानाधारक माणसाकडून करून घेतली आणि शेजारी उभं राहून सगळं पाहिलं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळला तर वर जात नाही, तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरची पेटी आतल्या बाजूने पूर्ण बंद, दार बाहेरून आणि तळाला थेट रस्त्यावर उघडणारं भोक. हे भोक सतत मोकळं राहायला हवं. चिखलाच्या रस्त्यावरून आल्यावर खाली वाकून पाहिलं तर जाळी अर्धी वाळक्या मातीने बुजलेली होती. आता धुताना पहिलं काम ती जाळी ब्रशने साफ करणं.

तांब्याची ८ मिलिमीटरची नळी अखंड आहे, भिंतीआड एकही जोड नाही. शेगडीला आणि गीझरला वेगवेगळा व्हॉल्व्ह. चाचणी बघण्यासारखी असते. पारदर्शक नळीचा यू, त्यात पाणी, एक टोक गॅसच्या नळीला जोडलेलं. ३० मिलिबार दाब म्हणजे दोन बाजूंच्या पाण्यात साधारण ३० सेंटिमीटरचा फरक. सिलिंडर बंद करून वाट पाहायची. पाणी तसूभरही सरकता कामा नये. एरवी मी गळती शोधायचा फवारा जोडांवर मारतो. अमोनिया असलेलं साबणाचं पाणी टाळा, त्याने पितळेला चिरा जातात.

एक गोष्ट मला वापरताना कळली: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बंद गाडीत ते पत्र्यावर, काचेवर आणि फळ्यांच्या मागे जमतं. शेगडी पेटली की पंखा सुरू आणि खिडकी उघडी, थंडी असली तरीही. ऊब मिळावी म्हणून शेगडी कधीच पेटवत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म उशीच्या उंचीवर आहे, गॅसगळतीचा तळाशी. झोपताना आणि गाडी चालवताना सिलिंडर बंद.

ज्यांची गाडी अजून उघड्या पत्र्याच्या अवस्थेत आहे त्यांनी फळ्या ठोकण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवावा. परवा पडद्याचा हूक बसवायचा होता. फोटो पाहिला, तर नेमक्या त्या जागेच्या मागून गॅसची नळी गेलेली. हूक एक वीत वर बसवला.