वुल्फक्वेस्ट की वुल्व्हडेन? कळपाशी जुळणं कुठे कसं चालतं

चतुर्थीच्या सुट्टीत लांडग्यांचा गेम सुरू करायचा आहे, पण दोहोंतला कुठला हे ठरत नसेल, तर आधी एक ठरवा: तुम्हाला स्वतः लांडगा व्हायचं आहे की कळपाचा कारभार बघायचा आहे?

वुल्फक्वेस्टमध्ये तुम्ही एकच लांडगा असता. 2007 साली मिनेसोटा प्राणिसंग्रहालयाच्या सहभागातून आलेला हा गेम अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात घडतो. जन्मकळप सोडलेला तरुण लांडगा जोडीदार शोधत फिरतो आणि सगळा डाव त्या शोधावर उभा राहतो. समोरच्याशी हावभावांतून बोलायचं. घाई केली, गुरगुरलात, की तो निघून जातो. नव्या आवृत्तीत स्वभावही मोजले जातात: धीट की सावध, मिळून मिसळून राहणारा की एकटा, चपळ की आळशी. परका कळप तर वासाच्या खुणांवरूनच हद्द सांगतो, आणि तिथे तुम्हाला वैरीच मानलं जातं.

मला हा गेम आवडतो तो त्यामागच्या खऱ्या जंगलासाठी. 1995-96 मध्ये यलोस्टोनमध्ये लांडगे पुन्हा सोडले गेले, आणि तिथल्या अभ्यासातून दिसलं की ते जवळच्या नात्यात सहसा जोडी करत नाहीत. असं टाळता आलं नाही तर काय होतं, ते अमेरिकेतल्याच आयल रॉयल बेटावर दिसलं: नात्यातल्या संकरामुळे लांडगे खंगत गेले आणि शेवटी दोनच उरले. यलोस्टोनमध्ये काळ्या-राखाडी जोड्याही पुष्कळ. काळ्या रंगाच्या जनुकाची एकच प्रत असलेला लांडगा डिस्टेंपरच्या (कुत्र्या-लांडग्यांना होणाऱ्या विषाणूच्या रोगाच्या) साथीत अधिक तग धरतो. दोन प्रती असल्या तर ते नुकसानीचं. म्हणून जोडीदार निवडताना नुसत्या देखणेपणावर जाऊ नका.

वुल्व्हडेन ब्राउझरमध्ये चालतो, सुरुवात फुकट, फोनवरही जमतो. इथे जुळण्याचा प्रश्न कामाच्या वाटणीचा आहे. शिकारीत दबा धरणारा, पाठलाग करणारा, शेवटचा घाव घालणारा असे वेगळे लांडगे लागतात आणि प्रत्येकाची हातोटी वेगळी. नको त्या कामावर लावलात तर शिकार हुकते. पिल्लं सांभाळायला वेगळे लांडगे नेमावे लागतात. रंग-खुणा जमवण्याची हौस असणाऱ्यांना इथून उठवत नाही, आणि त्यात गैर काही नाही. स्वभाव जुळण्याची हुरहुर मात्र मला इथे फारशी लागली नाही.

गोव्यात सत्तरी-धारबांदोड्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी शिकवणीसारखा वुल्फक्वेस्टच घ्यावा असं मला मनापासून वाटतं. आपल्या म्हादई आणि मोलेच्या रानात लांडगा नव्हे, पण कोळसून, म्हणजे रानकुत्रा, कळपानेच राहतो, आणि पिल्लांना भरवण्यात मोठे सगळे हातभार लावतात. गेम खेळलेलं मूल रानातली बातमी वेगळ्या डोळ्यांनी वाचतं.

एक व्यवहाराची गोष्ट: पावसात नेट गेलं की वुल्व्हडेन थांबतो. वुल्फक्वेस्ट एकट्याने ऑफलाइन चालतो, पण नवी आवृत्ती लॅपटॉपवर खेळायची तर तो बऱ्यापैकी ताकदीचा हवा आणि गेम विकत घ्यावा लागतो. घरी फक्त फोनच असेल तर वुल्व्हडेनपासून सुरुवात करा.