बँडविड्थ ऐकून मोजायची की विचारून?

अ‍ॅड हॉक नेटवर्कमध्ये (मधे राउटर नसलेल्या बिनतारी जाळ्यात) नोडच, म्हणजे जोडलेली उपकरणंच, एकमेकांची पॅकेट्स पुढे नेतात. मग बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) उरली किती, हे कळणार कसं?

पहिली रीत नुसतं ऐकण्याची. सेकंदातले 400 मिलिसेकंद चॅनेल मोकळं दिसलं, तर 2 एमबीपीएसपैकी 0.8 शिल्लक, त्यातूनही डीआयएफएस (पाठवण्याआधीचा ठरलेला थांबा), बॅकऑफ (टक्कर टाळायला घेतलेला जादा थांबा), एसीके (मिळाल्याची पोच) यांचा वाटा जातो. जादा ट्रॅफिक शून्य, हे मला फार मोलाचं वाटतं. पण रूट (पॅकेट्सचा मार्ग) तुटला की कुणाची किती बँडविड्थ सुटली, ते नुसत्या ऐकण्यातून समजत नाही.

दुसऱ्या रीतीत एओडीव्ही या रूट शोधणाऱ्या प्रोटोकॉलच्या हॅलो मेसेजमधूनच (शेजाऱ्यांना ठरावीक वेळाने जाणारा ‘मी आहे’ असा संदेश) प्रत्येक नोड आपला आणि शेजाऱ्यांचा वापर कळवतो. दोन हॉपपर्यंतचा, म्हणजे शेजाऱ्याच्या शेजाऱ्यापर्यंतचा, हिशेब हाती येतो, मेसेज मात्र फुगतो. रूट वारंवार तुटत असतील, तर मी हॅलोच निवडेन.