निर्बंध एकदम उठवावेत की टप्प्याटप्प्याने?

कोरोनासारख्या साथीत टाळेबंदीला कंटाळलेल्या माणसाला ‘अजून थोडे थांबा’ हे ऐकवत नाही आणि त्याचा वैताग रास्तच आहे. ज्याचे हातावर पोट आहे, त्याला काम बंद असलेला प्रत्येक दिवस कर्जात ढकलतो. निर्बंध एकदम उठवण्याच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा. शिवाय नियमांचा गोंधळही संपतो.

अडचण विषाणूच्या गतीची आहे. कोरोनाच्या सुरुवातीच्या काळात लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण ५ ते ६ दिवस, क्वचित १४ दिवसही लागत. त्यानंतर चाचणी, रुग्णालय आणि मग आकडे. म्हणजे आज बिघडलेले दोन-तीन आठवड्यांनी कळते आणि सगळे एकाच वेळी उघडले असेल, तर नेमके कशामुळे बिघडले हे शोधणे फार अवघड होते. इंग्लंडने २०२१ मध्ये म्हणूनच दोन टप्प्यांत किमान ५ आठवड्यांचे अंतर ठेवले: चार आठवडे परिणाम पाहण्यासाठी, एक आठवडा पूर्वसूचनेसाठी. ८ मार्चला शाळा, १२ एप्रिलला जीवनावश्यक नसलेली दुकाने उघडली. मात्र डेल्टा हा कोरोना विषाणूचा अधिक वेगाने पसरणारा प्रकार फैलावल्याने २१ जूनला अपेक्षित असलेला शेवटचा टप्पा १९ जुलैवर गेला.

टप्प्यांची खरी किंमत इथे दिसते, कारण पुढे ढकललेली तारीख लोकांचा विश्वास खाते. तरीही मला हाच मार्ग पटतो, मात्र दोन अटींवर: पुढच्या टप्प्याचे निकष आधीच जाहीर व्हावेत आणि ज्यांचे दुकान शेवटी उघडणार आहे, त्यांच्या हाती तोवर घर चालेल एवढी मदत वेळेवर पडावी.