घाण्यावर नेलेले शेंगदाणे पेरणीचे निघाले

दिवाळीआधी आम्ही भिशीतल्या चौघींनी मिळून कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून 50 किलो शेंगदाणे घेतले. बाजारात 130-140 चा दर होता, या व्यापाऱ्याने 105 ने दिले. "जुना साठा मोकळा करायचाय ताई, तेलाला चालतंय," म्हणाला. पोती साधी, शिक्का नाही. बिल आम्हीही मागितलं नाही.

लाकडी घाण्यावर अण्णांनी पोत्यात हात घातला, मूठभर दाणे बाहेर काढले आणि घाणा सुरूच केला नाही. ओल्या पांढऱ्या फडक्यावर चार दाणे चोळले. फडकं भडक गुलाबी झालं. फुटक्या दाण्यांच्या आतल्या पांढऱ्या बाजूलाही तीच पूड चिकटलेली. "वहिनी, हे पेरायचं बी हाय. औषध लावलंय. हे माझ्या घाण्यात न्हाई घालायचं."

भुईमुगाच्या बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून थायरमसारखं बुरशीनाशक लावतात, किलोला साधारण 3 ते 5 ग्रॅम. अशा पिशवीवर विष लावल्याची सूचना असते: अन्न, चारा किंवा तेलासाठी वापरू नये. हंगाम संपला की उरलेलं बियाणं कुणीतरी पोत्यात ओततं, आणि ती सूचना पिशवीबरोबर कचऱ्यात जाते. दाण्याची सालच गुलाबी, त्यामुळे वरून संशयही येत नाही. घाण्याचं तेल रिफाइंड होत नाही, नुसतं निवळून घेतात; म्हणजे दाण्यात जे आहे ते तेलात आणि पेंडेत. पेंड म्हशीला जाणार होती.

मी घाण्यावरच मटकन खाली बसले. त्यातले दोन मूठ भाजून आदल्याच दिवशी लेकीच्या डब्यात चटणी दिली होती. तिला काही झालं नाही, पण ती रात्र मी जागून काढली.

व्यापारी म्हणाला, "माल परत आणा, पैसे घेऊन जा." सगळ्यात मोठी फसवणूक मला इथे दिसली. परत दिला असता तर तो दुसऱ्या कुणाच्या घाण्यावर गेला असता. आम्ही 5,250 रुपयांवर पाणी सोडलं आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली. तिथे पहिला प्रश्न, बिल कुठंय? बिलावर 14 अंकी परवाना क्रमांक असतो, त्यावरून विकणारा सापडतो. आमच्याकडे कागदच नव्हता, म्हणून सांगते, 10 किलो घ्या पण बिल घ्या. आणि घाण्यावर नेण्याआधी घरीच ओल्या फडक्यावर दाणे चोळून बघा.

पोती अजून आमच्या माळ्यावर आहेत. तोंडं शिवून त्यावर मी खडूने मोठ्या अक्षरात लिहिलंय: विष.