जुन्या लॅपटॉपला बॅटरी: ओरिजिनल, कंपॅटिबल की सेल बदलून?

जुन्या लॅपटॉपची बॅटरी बसली की बेळगावात तीन सल्ले हमखास मिळतात. ओरिजिनलच घ्या, कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीची, पण त्याच मॉडेलला बसणारी) टाका, नाहीतर आहे त्याच पॅकमध्ये सेल बदलून घ्या. चौथाही एक आहे: बॅटरी काढून ठेवा आणि चार्जरवरच चालवा. खानापूरकडच्या पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, तिथे हा सल्ला देणाऱ्याने चार दिवस राहून दाखवावं.

ओरिजिनलचा दबदबा मोठा आहे, पण मॉडेलच बंद झालं असेल तर खोक्यात काय असतं? वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल. लिथियम बॅटरी न वापरताही झिजते. २५ अंशांत, ४० टक्के चार्जवर ठेवली तर वर्षाला साधारण ४ टक्के क्षमता जाते. पूर्ण चार्ज करून ४० अंशांत ठेवली तर ३५ टक्क्यांपर्यंत. पत्र्याच्या गोदामात बॅटरीने किती उन्हाळे काढले हे सीलवर लिहिलेलं नसतं. त्यामुळे २०१६ ची सीलबंद ओरिजिनल आणि यंदाची बरी कंपॅटिबल समोर ठेवली तर मी दुसरी उचलेन.

याला अपवाद आहे. लेनोवोच्या थिंकपॅड एक्स२३० आणि टी४३० यांचं फर्मवेअर, म्हणजे मशीनमधलंच अंगभूत सॉफ्टवेअर, बॅटरीची ओळख तपासतं आणि परकी असेल तर चार्जच करत नाही. त्यांच्या आधीच्या एक्स२२० आणि टी४२० ला ही भानगड नाही. तेव्हा मॉडेल नंबर आधी पाहा.

कंपॅटिबलमध्ये फसवणूक आकड्यांत असते. १०.८ आणि ११.१ व्होल्ट हा फरक नावापुरता, दोन्हींत तीन सेल एकामागोमाग जोडलेले असतात, १४.४ किंवा १४.८ मात्र वेगळं प्रकरण, ते तिथे चालत नाही. सहा गोल सेलच्या पॅकवर ७८०० एमएएच छापलं असेल तर दोन-दोनच्या जोड्या धरून एका सेलचे ३९०० झाले. अशा सेलची मजल नामांकित कंपनीतही सहसा ३५०० च्या आसपास संपते. म्हणजे लेबल थापा मारतंय. ४४०० किंवा ५२०० लिहिलेली बॅटरी जास्त खरी. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा.

सेल बदलणं स्वस्त वाटतं, पण पॅकमधली चिप बऱ्याचदा कुलूप लावून बसते, म्हणजे नव्या सेलवरही पॅक चालू देत नाही, आणि सेल स्पॉट वेल्डिंगऐवजी डाग देऊन (सोल्डर करून) जोडले तर धोका वेगळाच. बाजारात पॅक मिळतच नसेल तरच या वाटेला जा.

ऑनलाइन की दुकान? मी दुकान म्हणेन. काउंटरवरच बसवून विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा: फुल चार्ज कपॅसिटी डिझाईन कपॅसिटीच्या जवळ हवी, सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा) शून्याच्या आसपास. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान. वॉरंटीसाठी परत जावं लागतं, म्हणून निपाणीकराने कोल्हापूर आणि कागवाडकराने मिरज-सांगली गाठणं शहाणपणाचं. जीएसटी दोन्ही राज्यांत १८ टक्केच, हद्द ओलांडून त्यात काही वाचत नाही.

‘एक जादा घेऊन ठेवतो’ म्हणणारे बरेच. नका घेऊ. घेतलीच असेल तर निम्म्या चार्जवर, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या कपाटात ठेवा. फ्रीज नको, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. तीनेक महिन्यांनी तपासून पुन्हा निम्म्यावर आणा, कारण पार रिकामी झालेली बॅटरी पुढे चार्ज घेईलच असं नाही. आणि जुनी काढलेली सपाट टेबलावर ठेवून पाहा. डुगडुगली तर फुगली आहे. तिला टोचू नका, चार्ज करू नका, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.