आधी कोणाला ऐकाल: गाली-कुर्ची की पोनसेल?

जुन्या ऑपेराच्या तबकड्या ऐकायला लागायचं, तर सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका, कोणती निवडावी? आमेलिता गाली-कुर्ची आणि रोझा पोनसेल, दोघींनी न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन हे ऑपेरागृह गाजवलं. पण एकीची तबकडी काढून दुसरीची लावली, की घराणंच बदलल्यासारखं वाटतं.

गाली-कुर्ची मिलानची, जन्म १८८२. रीतसर शिकली ती पियानो. गळा बहुतांशी स्वतःच घडवला. १८ नोव्हेंबर १९१६ रोजी, आपल्या वाढदिवशीच, शिकागोत व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’ या ऑपेरातली नायिका गिल्डा गायली आणि अमेरिकेत तिचं नाव झालं. आवाज हलका, वरच्या पट्टीत लीलया फिरणारा. गिल्डाचंच गाणं, ‘कारो नोमे’, ऐका, एकेक सूर सुटा पडतो. दाणेदार तानांवर जीव असेल, तर तुम्ही हिच्याच प्रेमात पडाल. मात्र निवडायच्या त्या १९१६ ते १९२० च्या तबकड्या. पुढे सूर उतरू लागतो, ऐकताना जीव हळहळतो. १९३५ मध्ये गलगंडाची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी ती रंगमंचावर परतली, पण तो गळा काही परतला नाही. (परमहंस योगानंदांची ही शिष्या, हे आपल्याकडे फारसं ठाऊक नसतं.)

पोनसेल कनेटिकटमधल्या इटालियन कुटुंबातली. बहिणीबरोबर व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी-नकलांच्या करमणुकीच्या खेळांत, गाणारी ही मुलगी १५ नोव्हेंबर १९१८ ला, वयाच्या २१ व्या वर्षी, मेट्रोपॉलिटनमध्ये थेट विख्यात गायक कारुसोसमोर नायिका म्हणून उभी राहिली. त्याआधी ऑपेरात एकही भूमिका केलेली नव्हती!

१९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणासाठी गायिका कर्ण्यासमोर गायची, वरचा सूर आला की मागे सरायची. त्यात हलका आवाज तरून जाई, भरदार आवाज मात्र बराचसा हरवे. म्हणून पोनसेल मायक्रोफोन आल्यानंतरचीच ऐकावी. ‘नॉर्मा’ या ऑपेरातलं तिचं १९२८-२९ मधलं ‘कास्ता दीवा’ लावा: आधी बासरी, मग संथ, गोल, खालपासून वरपर्यंत एकाच रंगाचा आवाज. वरच्या ‘सी’ या सुराची तिला कायम धास्ती असे, चाळिशीत, १९३७ मध्ये, तिने ऑपेरा सोडला.

तानेसाठी गाली-कुर्ची, हे खरं. पण एकच निवडायची, तर मी पोनसेल म्हणेन. १९५४ मध्ये बाल्टिमोरजवळच्या तिच्या घरीच ध्वनिमुद्रण झालं. तेव्हा ती ५७ वर्षांची होती. तेही जरूर ऐका. खालच्या सुरांतली ती मखमल तशीच आहे.